स्टेअरिंगवरची फळी

2023 च्या ऑगस्टमध्ये मी प्रबंधासाठी मुलाखती घ्यायला निघाले, तेव्हा कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या परिसरात बेदाण्याची काढणी तोंडावर आली होती आणि विद्यापीठाचे सत्रही नुकतेच उघडले होते. या दोन गोष्टी दरवर्षी एकमेकींवर आदळतात, हे वर्गातील कितीतरी मुलांना ठाऊक होते. मला नव्हते, आणि माझ्या प्रस्तावात तर त्याचा उल्लेखही नव्हता. प्रस्तावाचा विषय होता, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतील कुटुंबांतल्या, विद्यार्थ्यांमधील ‘रेझिलियन्स’. या शब्दासाठी मी मनाशी चिवटपणा, लवचीकता, तग धरण्याची ताकद असे काही ना काही जुळवून पाहत असे, कारण एखादी संज्ञा आपल्या भाषेत नीट बसत नसेल तर ती आपल्याला नीट कळलेलीच नाही, अशी माझी जुनी समजूत आहे.

मी तासगाव तालुक्यातील. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नव्हते. साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’ योजनेत राहून मी पदवी घेतली, नंतर काही वर्षे शाळेत शिकवले आणि पस्तिशी उलटल्यावर नवऱ्याच्या नोकरीनिमित्त इकडे येऊन शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेटसाठी एका सरकारी विद्यापीठात नाव घातले. अमेरिकेच्या कायद्यात ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ या शब्दाला नेमका अर्थ आहे: ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही चार वर्षांची पदवी पूर्ण केलेली नाही, तो. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत किमान एक चतुर्थांश हिस्पॅनिक, म्हणजे साधारणपणे लॅटिनोच, असतील तर संस्थेला ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग’ हा दर्जा मिळवता येतो. आमच्या विद्यापीठात ते प्रमाण निम्म्याहून जास्त होते. त्यामुळे मला विद्यार्थी शोधायला लांब जावे लागणार नव्हते, असे मी धरून चालले होते.

चिवटपणा मोजण्याची साधने तयार मिळतात. मी ज्या मोजपट्टीवर भिस्त ठेवली होती ती कॉनर आणि डेव्हिडसन यांची, 2003 मधली. तिच्यात 25 विधाने असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण आणि बेरीज शंभरापर्यंत. त्यामागे या विषयातील जुने, आदरणीय काम होते: मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कवाई येथे 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशके पाठपुरावा केला होता आणि अत्यंत प्रतिकूल घरांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, सांभाळून घेणारी माणसे झाल्याचे त्यांना दिसले होते. मी प्रस्तावात हे सगळे व्यवस्थित मांडले आणि चाचणी म्हणून सहा विद्यार्थ्यांकडून मोजपट्टी भरून घेतली. सहाही जणांनी बहुतेक ठिकाणी तीन आणि चार टाकले. एका मुलीने कागद परत देताना विचारले, “मिस, आजारपणातून किंवा अडचणीतून सावरता का, असे यात विचारले आहे, पण आमच्या घरी एक अडचण संपून दुसरी सुरू होईपर्यंत मध्ये मोकळा काळच नसतो, तर मग सावरले असे कधी म्हणायचे?” इथली मुले शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात. मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीतरी गुळमुळीत बोलले असेन. पण मोजपट्टी मी बाजूला ठेवली आणि केवळ मुलाखतींवर आधारलेला अभ्यास करायचे ठरवले.

त्यासाठी विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची परवानगी लागते. या समितीने माझा अर्ज दोनदा परत पाठवला आणि दोन्ही वेळा तिचे बरोबर होते. पहिल्या मसुद्यात मी सहभागींची सही असलेले संमतिपत्र ठेवणार होते. समितीतील एका सदस्याने विचारले की ते कागद कोणाच्या हाती लागले तर? यांपैकी काहींच्या घरात अमेरिकेत राहण्याची अधिकृत कागदपत्रे नसलेली माणसे असणार, आणि सही असलेला तो कागद हाच त्यांचे नाव माझ्या अभ्यासाशी जोडणारा एकमेव पुरावा ठरणार. मग सहीऐवजी तोंडी संमती, खऱ्या नावांची कुठेही नोंद नाही, आणि नागरिकत्वाविषयी एकही प्रश्न नाही, अशी तजवीज केली. कोणी आपणहून तो विषय काढला तर ध्वनिमुद्रण थांबवून पुढे चालू ठेवायचे का, हे विचारायचे. आपल्याकडे संशोधनात ‘नाव बदलले आहे’ असे एका ओळीत उरकले जाते. त्या ओळीमागे किती विचार असू शकतो हे मला तेव्हा समजले.

परवानगी मिळाली आणि कोणी येईना. विभागाच्या यादीवरून पाठवलेल्या पत्राला फक्त दोन उत्तरे आली. वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले होते, तरीही. मी जाहिरात लावली, ग्रंथालयाच्या दाराशी टेबल मांडून बसले, हसून पाहिले. अखेर विद्यार्थ्यांसाठी मोफत शिधा देणारे जे केंद्र आवारात चालते, तिथे आठवड्यातून दोन दुपारी डबे भरायच्या कामाला मी उभी राहू लागले. तिथे एक मुलगी तळहातांना चिकटपट्ट्या लावून आली होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “शनिवार-रविवार ट्रे केले.” मला तो शब्द कळला नाही. मग तिने समजावून सांगितले की द्राक्षांचे घड वाकड्या सुरीने तोडायचे, ओळींमधल्या जमिनीवर कागद अंथरून त्यावर पसरायचे आणि उन्हात वाळू द्यायचे. मजुरी ट्रेवर मिळते, म्हणजे जितके कागद भरतील तितकी. काही दिवसांनी घड उलटायचे आणि वाळले की कागदाची गुंडाळी करायची.

मी न राहवून म्हणाले, “जमिनीवर? थेट उन्हात? आमच्याकडे असे करत नाहीत.” आणि आमच्या शेडची गोष्ट सांगितली: घड पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, सावलीत एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे, बारा-पंधरा दिवसांत माल तयार आणि मग तासगावच्या सौद्यात. जात तीच, थॉमसन. आमच्या तालुक्यात तिच्यातूनच ‘तास-ए-गणेश’ निघाली. ती मुलगी हातातला डबा खाली ठेवून ऐकत राहिली. सावलीत वाळवतात म्हणजे माणसेही सावलीत असतात का, एवढेच तिने विचारले. मी म्हणाले, वाळवताना असतात, तोडताना नाही. पुढच्या आठवड्यात ती मुलाखतीला आली, तिच्यामागून तिची मावसबहीण, मग एक वर्गमित्र. नोव्हेंबरपर्यंत माझ्या चौदा मुलाखती झाल्या होत्या.

त्यांपैकी एका मुलाखतीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण पुढे सगळा प्रबंध तिच्याभोवती फिरला. ही मुलगी परिचारिका होण्याचे शिक्षण घेत होती. घर फाउलरजवळ, अमेरिकेचे पहिले लॅटिनो राजकवी हुआन फेलिपे हेरेरा याच गावात एका शेतमजूर कुटुंबात जन्मले, हे तिने मला पहिल्याच पाच मिनिटांत अभिमानाने सांगितले. घरात दोन खोल्या आणि सात माणसे. अभ्यास कुठे करतेस, या माझ्या साध्या प्रश्नावर ती म्हणाली, “गाडीत.” मला वाटले की ये-जा करताना. तसे नव्हे. रात्री साडेनऊला धाकटी भावंडे झोपली की ती अंगणात उभ्या असलेल्या जुन्या टोयोटात जाऊन बसे आणि एकपर्यंत वाचत असे. वडिलांनी प्लायवूडची एक फळी कापून दिली होती. तिला खालून दोन खाचा होत्या, त्या स्टेअरिंगच्या चाकात अडकत आणि मांडीवर डेस्क तयार होई. कडा पॉलिश पेपरने घासलेल्या होत्या, म्हणजे मनगटाला टोचू नयेत. डिसेंबरात गारठा वाढला की आई गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून आणून देई आणि काच दोन बोटे खाली ठेव, गुदमरशील, असे रोज न चुकता बजावत असे. मोठा भाऊ पहाटे साडेचारला तीच गाडी घेऊन पॅकिंग हाउसवर, म्हणजे शेतमाल खोक्यांत भरतात तिथे, कामाला जाई, म्हणून वाचून उठताना ही मुलगी फळी मागच्या सीटखाली सरकवून ठेवी आणि बॅटरी उतरू नये म्हणून आतला दिवा न लावता मोबाइलचा उजेड वापरी.

त्या रात्री मी वहीत लिहिले: ‘असामान्य चिवटपणा.’ खाली दोन रेघा मारल्या.

डिसेंबरच्या अखेरीस आर्थिक मदतीचा केंद्रीय अर्ज, ज्याला इथे सगळे ‘फाफ्सा’ म्हणतात, नव्या स्वरूपात आला. एरवी तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. त्या वर्षी 30 डिसेंबर उजाडला. शिवाय ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, त्यांना मार्चपर्यंत तो धड पूर्णच करता येत नव्हता, मग मुलगा स्वतः अमेरिकेत जन्मलेला नागरिक का असेना. राज्याने आपल्या मदतीसाठीची 2 मार्चची मुदत आधी 2 एप्रिल आणि मग 2 मे केली. माझ्या चौदांपैकी पाच जण यात अडकले. ते काय करत होते ते मी पाहत होते: रोज रात्री अर्ज उघडायचा, अडतो तिथपर्यंत जायचे, पडद्याचा फोटो काढायचा, सकाळी आर्थिक मदत कार्यालयाच्या रांगेत तो फोटो दाखवायचा. यांतील बहुतेक जण आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून घरातले कारकून होते. दवाखाना, बँक, घरमालकाचे पत्र, शाळेचा पालक मेळावा, सगळीकडे दुभाषी तेच. एक मुलगा म्हणाला की त्याने आपल्याविषयीच्या तक्रारीचे भाषांतर करताना शिक्षिकेचे दोन वाक्यांचे रागावणे एका वाक्यात बसवले होते, आणि आईला ते तेव्हाच कळले होते.

या मुलांसाठी मदत अजिबात नव्हती असे नाही, आणि तसे भासवणे खोटेपणाचे ठरेल. हंगामी आणि स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी हात देणारा ‘कॅम्प’ हा केंद्रीय कार्यक्रम 1972 पासून आहे. चौदांपैकी सहा जण त्यातून आले होते आणि सहाही जणांनी तिथल्या एकाच बाईंचा उल्लेख केला, ज्या सकाळी सातला कार्यालय उघडत, कारण शेतावरून येणाऱ्यांना नऊ ही वेळ सोयीची नव्हती. पण तो आधार वर्षभराचा. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात काय होते, हे विचारल्यावर बहुतेकांचे बोलणे तुटक होत गेले.

मुलाखती कागदावर उतरवल्या की त्यांना संकेत लावायचे काम असते. प्रत्येक वाक्याशी थांबायचे, ते कशाविषयी आहे ते एका-दोन शब्दांत समासात लिहायचे आणि सारख्या वाक्यांचे गठ्ठे करायचे. मी छापील पाने कात्रीने कापून जेवणाच्या टेबलावर मांडली. नवरा दोन महिने सोफ्यावर ताट घेऊन जेवला. ‘चिवटपणा’ हा गठ्ठा सर्वांत उंच झाला. मी तो मोठ्या समाधानाने मार्गदर्शिकांपुढे नेला. त्यांनी फळीची चिठ्ठी उचलली, वाचली आणि विचारले, “या वाक्याचा कर्ता कोण आहे?”

मी पुन्हा वाचले. ‘वडिलांनी फळी कापून दिली.’ ‘आई बाटली आणून देते.’ ‘भाऊ गाडी वेळेवर परत आणतो.’ आणि समासात माझ्या अक्षरात: ‘विद्यार्थिनीचा चिवटपणा’.

मला साताऱ्याची आठवण झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आम्ही रोज वाचत होतो, आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटाला अन्न मिळावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले हेही आम्हाला दरवर्षी सांगितले जाई. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत असे मला तिथे असताना एकदाही वाटले नव्हते. माझ्याविषयीही गावात ‘पोरगी जिद्दीची’ असेच बोलले जाते. मी साताऱ्याला असताना माझ्या वाटणीचे भांगलण आणि धारा माझी चुलतबहीण करत होती, आणि तिचे लग्न माझ्या दुसऱ्या वर्षात झाले.

मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मोडल्या आणि या वेळी समासात गुण न लिहिता काम कोणी केले तेवढेच लिहिले: आई, भाऊ, सातला कार्यालय उघडणारी बाई, वर्गाच्या नोट्स देणारी मैत्रीण, स्वतः. या मांडणीला आधार होता. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक तारा योसो यांनी 2005 मध्येच दाखवून दिले होते की अशा कुटुंबांना ‘कमतरता असलेली’ ठरवणे चूक आहे. आकांक्षा, भाषा, नातीगोती, ओळखीपाळखी, व्यवस्थेतून वाट काढण्याचे कसब आणि अन्यायाला विरोध करण्याची सवय अशी सहा प्रकारची पुंजी त्यांच्यापाशी असते. मी ते आधी वाचलेले होते, प्रस्तावात त्याचा संदर्भही दिलेला होता. पण वाचलेले आणि टेबलावर कापून मांडलेले यांत अंतर पडले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती कोणी दाखवून दिली नाही, माझी मलाच रात्री उशिरा दिसली. मी फक्त टिकलेल्यांना भेटले होते. जे गेले ते चिवट नव्हते, हे मी एकालाही न विचारता गृहीत धरले होते. नैतिकता समितीकडून दुरुस्तीची परवानगी घेऊन, टिकलेल्यांच्याच ओळखीतून, शिक्षण सोडलेले तीन जण मला भेटले. एक मुलगी पॅकिंग हाउसमध्ये पाळीवर होती. तिचे गुण माझ्या चौदांतील अर्ध्यांपेक्षा चांगले होते. वडिलांची पाठ कामावर दुखावली, ती दोन महिने जास्त तास काम करू लागली, एका सत्राच्या शुल्कातले 312 डॉलर राहिले आणि नोंदणीवर ‘होल्ड’ बसला. कॅलिफोर्नियात 2020 पासून थकबाकीपोटी गुणपत्रक अडवून ठेवता येत नाही. पुढच्या सत्राची नोंदणी मात्र अडू शकते. तिला हव्या असलेल्या वर्गातील जागा त्या दहा दिवसांत भरल्या. पैसे तिने नंतर भरले. मी तिला विचारले की त्या वेळी कोणाला भेटली होतीस का, तर तिने शांतपणे तीन खिडक्यांची नावे आणि प्रत्येक ठिकाणी रांगेत किती वेळ गेला ते सांगितले. जिला मी मोजपट्टीवर बसवले असते तर शंभराच्या जवळ भरली असती, ती माझ्या अभ्यासाच्या व्याख्येनुसार अपयशी ठरत होती.

शेवटचा टप्पा म्हणजे आपण जे लिहिले ते ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना दाखवणे. 2024 च्या सप्टेंबरात नऊ जण एका वर्गखोलीत जमले. मी शीर्षक फळ्यावर लिहिले आणि घरी या गुणाला काय म्हणतात ते विचारले. ‘रेसिलियेन्सिया’ असा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, पण तो फक्त समुपदेशक वापरतात, यावर सगळे हसले. घरी म्हणतात ‘एचाले गानास’, म्हणजे मन लावून कर, जोर लाव. आणि म्हणतात ‘आग्वांता’. त्या शब्दाचा अर्थ ते मला समजावू लागले, तेव्हा मध्येच मी ‘सोसणे’ असे मराठीत मोठ्याने म्हणून गेले. माझी आजी हाच शब्द सुनांना सांगत असे, आणि तो सांगताना तिच्या आवाजात माया असे की ताकीद, हे मला कधी ओळखता आले नाही. एका मुलाचे म्हणणे पडले की आग्वांता हा चांगला शब्द आहे, आजोबांनी त्यावरच दिवस काढले. परिचारिका होऊ घातलेल्या मुलीला ते पटले नाही. ती म्हणाली की सोसणाऱ्या माणसाला आणखी काम दिले जाते, हे तिने शेतातही पाहिले आहे आणि रुग्णालयातही. यावर बरीच वादावादी झाली आणि ती मिटली नाही. प्रबंधात ती मी तशीच ठेवली. शीर्षकातून ‘रेझिलियन्स’ काढला, उपशीर्षकात ठेवला, कारण प्रबंध तपासणाऱ्या समितीच्या मते तो शब्द नसेल तर कोणाला प्रबंध सापडणार नाही.

सगळे गेल्यावर ती मुलगी तिच्यावरची पाने घेऊन थांबली. पेन्सिलीने तिने एक ओळ अधोरेखित केली होती. “इथे फळी एकदाच कापली असे लिहिले आहे,” ती म्हणाली. “पहिली होंडाच्या मापाची होती. ती गाडी विकली तेव्हा टोयोटाला ती बसेना, चाक लहान होते. मग बाबांनी कामावरून आल्यावर दुसरी कापली. तेवढे दुरुस्त कराल?”

मी ते त्याच वेळी तिच्यासमोर दुरुस्त केले. पहिली फळी आता धाकट्या भावाकडे आहे, असे तिने जाता जाता सांगितले. तो पलंगावर बसून तिच्यावर गणिते करतो.